रानवनस्पतींची ओळख बांधावरच पटावी

मृगाच्या सरी पडून गेल्या म्हणजे मुंबईच्या उपनगरांतील भाजीबाजारांत नेहमीच्या पालेभाज्यांशेजारी रानभाज्यांच्या जुड्या दिसू लागतात. साकीनाका हे नाव आज कारखाने, गाळे, अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील अखंड वाहतूक आणि २०१४ सालापासून धावणारी मेट्रो यांमुळे सर्वपरिचित झाले आहे. तथापि साकी, मोहिली, मरोळ, तुंगवे ही मुळात साष्टी बेटावरील भातशेतीची खेडी होती. ती शेते आता राहिली नाहीत. परंतु खेड्यांतून येऊन तेथे वसलेल्या श्रमिक कुटुंबांची रानभाजीची आवड मात्र टिकून आहे. पालघर, ठाणे व रायगड जिल्ह्यांतील पाड्यांवरून, तसेच जवळच्याच आरे परिसरातून टाकळा, शेवळे, करटोली, कुरडू, भारंगी अशा भाज्या उपनगरांत येतात व हातोहात खपतात.

ही गोष्ट ग्रामीण कुटुंबांच्या दृष्टीने स्वागतार्ह होय. ज्या दिवसांत घरातील धान्य संपत आलेले असते व नवे पीक हाती आलेले नसते, त्याच दिवसांत रानभाजी चार पैसे मिळवून देते. ९ ऑगस्ट या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषि विभागातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरविले जातात व त्यांमुळे शहरी ग्राहकांचे कुतूहल वाढले आहे. परंतु मागणी वाढली की पुरवठा करणारेही वाढतात, आणि त्यांत ज्यांना रानाची पुरती ओळख नाही असे लोकही येतात. येथेच सावधगिरीची आवश्यकता निर्माण होते.

बाजारात रानभाजी येते ती बहुधा कोवळ्या पानांच्या रूपाने. तिचे फूल अजून उमललेले नसते आणि फळ तर दोन-तीन महिने पुढे असते. वनस्पतीची ओळख पटविणाऱ्या पान, फूल व फळ या तीन साक्षीदारांपैकी एकच साक्षीदार ग्राहकापुढे उभा असतो. साकीनाक्याच्या गृहिणीने कितीही चिकित्सा केली, तरी उरलेले दोन साक्षीदार तिला बोलाविता येत नाहीत. ते बांधावर, माळावर किंवा रानातच राहिलेले असतात. म्हणून रानवनस्पतीची ओळख पटविण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. ती जबाबदारी भाजी जेथे उगवते त्या गावाची आहे आणि ती पार पाडण्याच्या कामी ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पुढाकार घेतला पाहिजे.

केवळ पानावर विसंबणे का धोक्याचे आहे, याचे कारण समजून घेणे उपयुक्त ठरेल. पान हे झाडाचे रोजच्या व्यवहाराचे अंग होय. ऊन, सावली, ओल व जमिनीचा कस यांप्रमाणे त्याचा आकार बदलतो. सावलीतील पान मोठे व पातळ होते, तर उघड्या माळावर त्याच जातीचे पान लहान व जाड राहते. करटोलीच्या वेलावर काही पाने अखंड, तर काही तीन किंवा पाच खंडांची आढळतात. उलट फुलातील पाकळ्या, पुंकेसर व बीजकोश यांची रचना अशा बाह्य कारणांनी सहसा बदलत नाही. भेंडी, कापूस, जास्वंद आणि रानभेंडी यांची पाने परस्परांहून भिन्न असली, तरी या सर्वांच्या फुलांत पुंकेसर एकत्र जुळून मधोमध नळी झालेली असते. त्यावरून ती एकाच कुळातील असल्याचे सहज ध्यानात येते. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वनस्पतींची विभागणी फुलांतील केसरांच्या आधारे केली, तीही फुलाच्या याच स्थैर्यामुळे.

टाकळ्याचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. पहिल्या पावसाबरोबर माळावर, रस्त्याच्या कडेला व पडीक जागेवर टाकळा उगवतो. त्याच जागी व त्याच सुमारास कासविंदाही उगवतो. दोघांची फुले पिवळी असतात, दोघांची पाने संयुक्त असतात आणि काही भागांत तर कासविंद्याला रानटाकळा असेच नाव आहे. नावाच्या या साम्यामुळे घोटाळा अधिकच वाढतो. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात व पर्णिकेचे टोक रुंद व गोलसर असते. कासविंद्याच्या पानात बहुधा चार ते सहा जोड्या असून प्रत्येक पर्णिका टोकाकडे निमुळती झालेली असते. टाकळ्याच्या पानावर खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये बारीक ग्रंथी दिसते, तर कासविंद्यात ती देठाच्या तळाशी असते. पुढे शेंगा धरल्या म्हणजे संशयास जागाच उरत नाही. टाकळ्याची शेंग लांब, बारीक व विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याची शेंग चपटी, त्या मानाने आखूड व रुंद असून तिच्या दोन्ही कडा फिकट दिसतात.

हा भेद माहीत असण्याचे महत्त्व किती, हे उत्तर प्रदेशातील एका दुःखद घटनाक्रमावरून दिसून येते. त्या राज्याच्या पश्चिम भागात पावसाळा सरता सरता लहान मुले एकाएकी बेशुद्ध होऊन दगावत असत. तो मेंदूज्वर असावा असे अनेक वर्षे मानले गेले. अखेर बिजनोर परिसरातील डॉक्टरांनी केलेल्या व २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसून आले, की ही मुले खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा सोलून त्यांतील बिया खात होती. त्या बियांतील विषाने यकृत, स्नायू व मेंदू यांवर एकदम आघात होत असे. शेंगा दारापुढेच लोंबत होत्या. परंतु रोगाचा विचार करताना त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. घराजवळचा कासविंदा शेंगा धरण्यापूर्वी उपटून टाकण्याचे काम अगदी साधे आहे. मात्र ते करण्यासाठी तो ओळखता आला पाहिजे.

शेवळ्याच्या बाबतीत अडचण निराळ्या प्रकारची आहे. जूनच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीतून त्याचा फुलोरा वर येतो व तोच भाजीसाठी काढला जातो. पान त्यानंतर येते. म्हणजे या वनस्पतीचे फूल व पान एकत्र पाहावयास मिळत नाही. सुरणाच्या कुळातील या भाजीत घशाला खाज आणणारे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजविण्याची रीत कोकणात रूढ आहे. याच कुळातील इतर कंद त्याच जमिनीत असतात व त्यांचे अंकुर नवशिक्याला सारखेच वाटतात. यावर उपाय एकच : फुलोरा ज्या ठिकाणी पाहिला तेथे खूण करून ठेवावी व महिनाभराने तेथेच जाऊन पान पाहावे. एका वर्षी असा मागोवा घेतला म्हणजे ती ओळख जन्मभर पुरते.

करटोली व कवंडळ या दोन वेलींची पाने पाहूनही अनेकजण फसतात. करटोलीचे ताण साधे, एकेरी असतात, तर कवंडळाच्या ताणांना फाटे फुटलेले असतात. करटोलीचे फूल पिवळे. कवंडळाच्या पांढऱ्या पाकळ्यांच्या कडा झालरीप्रमाणे तंतुमय झालेल्या. करटोलीचे फळ मऊ काट्यांनी भरलेले. कवंडळाचे गुळगुळीत, गोल व पिकल्यावर लालभडक. कवंडळाचे फळ विषारी मानले जाते व ते मुलांच्या हाती लागू देणे इष्ट नाही. करटोलीच्या फुलाचे निरीक्षण लागवडीसाठीही आवश्यक आहे, कारण तिचे नर व मादी वेल वेगवेगळे असतात. फुलाखाली लहानसे काटेरी फळ आधीच दिसत असेल तर तो वेल मादी समजावा. नर फुलाखाली ते नसते व त्याच्या देठावर टोपीसारखे उपपर्ण असते. फूल न पाहता कंद लावणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर सगळेच नर वेल आले, तर त्याला फळ कधीच मिळावयाचे नाही.

कळलावीच्या बाबतीत मात्र फसगत प्राणावर बेतू शकते. तिचे फूल इतके देखणे, की अग्निशिखा हे तिचे नाव सार्थ वाटते. सहा लांब, नागमोडी पाकळ्या वर वळलेल्या असतात आणि त्यांचा रंग हिरवट पिवळ्यापासून तांबडा होत जातो. ते फूल एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. परंतु फुलापूर्वी व फुलानंतर ओळख पटवावयाची, तर पानाच्या टोकाकडे पाहिले पाहिजे. ते टोक लांबट होऊन ताणाप्रमाणे गुंडाळलेले असते व त्याच्याच आधाराने वेल वर चढतो. जमिनीतील कंद नांगराच्या आकाराचा, दोन फाट्यांचा असतो. या वनस्पतीच्या सर्व भागांत, आणि विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन नावाचे तीव्र विष असते. रानातील कंद खणून खाताना ज्याच्या वेलीची पाने पाहिली नाहीत असा कंद तोंडात घालू नये, हा नियम घराघरांत सांगितला गेला पाहिजे.

बाजारापर्यंत केवळ एकच साक्षीदार पोहोचल्याने केवढा अनर्थ होतो, याचे स्मरण १९९८ साली दिल्लीतील जलोदरासारख्या साथीने करून दिले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेल्याने हजारो लोक आजारी पडले व अनेक मृत्युमुखी पडले. पिवळा धोत्रा शेतात उभा असताना त्याला मोहरी कोणी म्हणणार नाही. त्याची पाने काटेरी व पांढरट शिरांची, देठ मोडताच पिवळा चीक, फूल मोठे व पिवळे, बोंड काटेरी. परंतु बी हाती आले म्हणजे ते मोहरीच्या दाण्यासारखेच काळपट व गोल दिसते. शेतात जी ओळख कोणालाही पटली असती, ती घाण्यावर तज्ज्ञालाही कठीण झाली.

सर्वच प्रसंगी तिन्ही साक्षींची वाट पाहावी, असा याचा अर्थ नव्हे. कोणत्या कामासाठी ओळख हवी आहे, त्यावर ते अवलंबून आहे. गाजरगवताची नोंद पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास झाली व पुढे काही दशकांतच ते देशभर पसरले. त्याचे फूल येईपर्यंत थांबणारा शेतकरी हजारो बियांना आमंत्रण देतो. ते गाजरासारख्या कातरलेल्या पानांवरून रोपावस्थेतच ओळखून, हातमोजे घालून, फुलापूर्वी उपटले पाहिजे. जेथे नाश करावयाचा तेथे पानावरून त्वरा करावी व जेथे पोटात घालावयाचे तेथे फळापर्यंत धीर धरावा, असे तारतम्य ठेवणे योग्य. अर्थात पानावरून अशी खात्रीने ओळख तोच पटवू शकतो, ज्याने एकदा तरी त्याच झाडाचे पान, फूल व फळ क्रमाने पाहिलेले असते.

या प्रतिपादनावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा, की पाड्यांवरील वृद्ध स्त्रियांना हे सर्व ज्ञान उपजतच असते, त्यांना पुस्तकी पद्धतीची गरज काय? हे ज्ञान उपजत नाही. आईच्या मागे रानात हिंडून, वर्षानुवर्षे पाहून ते मिळविलेले असते, आणि त्या पाहण्यात पान, फूल व फळ या तिन्हींचा समावेश आपोआप होत असे. आज पुढची पिढी शाळेसाठी व कामासाठी गावाबाहेर जाते. पावसाळ्यातील पान तिने पाहिले तरी हिवाळ्यातील शेंग ती पाहत नाही. म्हणून त्या स्त्रियांना गुरुस्थानी मानून त्यांचे ज्ञान नोंदवून ठेवणे हेच खऱ्या आदराचे लक्षण होय.

दुसरा आक्षेप असा, की आता भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले की वनस्पतीचे नाव मिळते, मग एवढे परिश्रम कशाला? हे साधन उपयोगी आहे व त्याचा लाभ जरूर घ्यावा. परंतु एका पानाच्या छायाचित्रावरून मिळालेले नाव ही सूचना समजावी, निर्णय समजू नये. फूल व फळ यांचीही छायाचित्रे दिल्यास उत्तर अधिक भरवशाचे मिळते. म्हणजे यंत्रालाही तीच साक्ष लागते, जी माणसाला लागते.

तिसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा स्वतःचा आहे. अनेक योजनांचे काम अंगावर असताना आणखी हे काम कसे करावे? याचे उत्तर असे, की गावातील सर्व वनस्पती एका वर्षात ओळखण्याची आवश्यकता नाही. दर वर्षी दहा वनस्पती निवडाव्यात. त्यांत खाण्याच्या सहा व त्यांच्याशी गोंधळ होऊ शकेल अशा विषारी चार असाव्यात. प्रत्येक वनस्पतीचे एक झाड खुणेने निश्चित करून आषाढात पान, श्रावण-भाद्रपदात फूल व आश्विन-कार्तिकात फळ पाहावे. या तीन फेऱ्या इतर कामांच्या जोडीने सहज होण्यासारख्या आहेत.

पाहताना क्रम ठरलेला असावा. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते प्रथम पाहावे. पान साधे की संयुक्त, असा संशय आला तर बगलेत डोळा आहे काय हे शोधावे. पानाच्या बगलेत डोळा असतो, पर्णिकेच्या बगलेत नसतो. चीक, लव व चुरगळल्यावर येणारा वास यांची नोंद घ्यावी. मात्र अनोळखी झाडाची चव कधीही घेऊ नये. फुलात पाकळ्या किती व त्या सुट्या की जुळलेल्या, केसर किती, हे मोजावे. फळ आडवे कापून त्यात कप्पे किती आहेत ते पाहावे.

नमुना वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून, कागद रोज बदलून वाळवावा. त्यासोबत गाव, जागा, दिनांक, झाडाची उंची, स्थानिक नाव आणि फुलाचा रंग लिहून ठेवावा, कारण वाळल्यावर रंग उडून जातो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये पश्चिम भारतातील वनस्पतींचे असेच नमुने जतन केलेले आहेत. त्याच महाविद्यालयात अध्यापन करणारे फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या घाटात वारंवार हिंडून केलेले वनस्पतींचे वर्णन १९५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. गावातील शाळेच्या कपाटातही अशा शंभर कागदांचा संग्रह उभा राहू शकतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी व तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. राष्ट्रीय हरित लवादाने या कामास मुदत घालून दिल्यावर नोंदवह्यांच्या कामाला वेग आला. परंतु ज्या नोंदीत केवळ नाव आहे व झाडाचे वर्णन नाही, ती नोंद पुढच्या पिढीच्या कामी येणार नाही, कारण एकच नाव दोन गावांत दोन झाडांना दिलेले असते. पान, फूल व फळ हे तिन्ही रकाने भरल्याखेरीज नोंद पूर्ण मानू नये, असा ठराव प्रत्येक समितीने करावयास हवा. त्याचप्रमाणे रानभाजी महोत्सवातील प्रत्येक जुडीशेजारी त्या वनस्पतीच्या फुलाचे व फळाचे चित्र, आणि तिच्याशी गोंधळ होणाऱ्या विषारी वनस्पतीचेही चित्र लावणे बंधनकारक असावे.

यासंबंधी आणखी दोन सूचना आवश्यक आहेत. ओळख बरोबर असली तरी जागा योग्य असतेच असे नाही. साकीनाक्याजवळून वाहणाऱ्या मिठी नदीच्या काठावर किंवा कारखान्यांच्या सांडपाण्यालगत उगवलेला टाकळा हा टाकळाच असला, तरी तो खाण्यास योग्य नाही. वर्दळीच्या रस्त्याकडेच्या भाजीबद्दलही तसेच समजावे. आणि काळजी घेऊनही कोणास विषबाधा झालीच, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे व खाल्लेल्या वनस्पतीची फांदी पान, फूल व फळ यांसह बरोबर न्यावी. डॉक्टरांना विषाची दिशा त्यावरून लवकर कळते.

रानभाजीचा व्यापार विश्वासावर चालतो. दूरच्या पाड्यावरील स्त्रीने बांधलेली जुडी साकीनाक्याच्या चाळीत निःशंकपणे शिजविली जाते, ती याच विश्वासाने. एका चुकीच्या जुडीने हा विश्वास उडाला, तर शेकडो गरीब कुटुंबांचे पावसाळ्यातील उत्पन्न बुडेल. म्हणून येत्या हंगामात प्रत्येक गावाने निदान दहा वनस्पतींच्या तिन्ही साक्षी नोंदवून काढाव्यात. टाकळा व कासविंदा या जोडीपासून आरंभ केल्यास उत्तम.